बाईनं बांधलेलं काचेचं घर

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही राहता त्या घराचा ओटा किती उंच असावा, खिडकी कुठल्या भिंतीला असावी, फडताळ कुठे बसवावं, हे ठरताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का? बहुतेकींचं उत्तर ‘नाही’ असंच असणार. घर झाडायचं, सारवायचं, सजवायचं, आल्यागेल्याचं करायचं ते आपण; पण घराचा नकाशा मात्र कुणी तिसऱ्यानंच काढलेला असतो. आपण त्यात आपला संसार बसवून घेतो इतकंच!

म्हणूनच आज तुम्हाला इंग्लंडमधल्या एका घराची ओळख करून द्यावीशी वाटते. हे घर चारशे वर्षांपूर्वी एका बाईनं बांधलं. नवऱ्यानं बांधलं आणि बाईनं सजवलं, असं नव्हे बरं का! जागा तिची, पैसा तिचा, हट्ट तिचा आणि छपरावर कोरलेलं नावही तिचंच. या घराचं नाव हार्डविक हॉल. डर्बीशर परगण्यात, चेस्टरफील्ड गावापासून जवळ, एका टेकडीच्या माथ्यावर ते अजूनही दिमाखात उभं आहे. खालून जाणाऱ्या मोठ्या हमरस्त्यावरच्या प्रवाशांनाही त्याचे बुरूज दिसतात. तुमच्या मुलांनी हॅरी पॉटरचे चित्रपट पाहिले असतील, तर त्यांनीही हे घर पाहिलंय. २०१० सालच्या चित्रपटात मॅलफॉय कुटुंबाचा जो वाडा दिसतो, तो बाहेरून हाच.

कोण ही बाई?

तिचं नाव एलिझाबेथ हार्डविक. सगळे तिला बेस म्हणत, आणि इतिहासातही तेच नाव राहिलं. हार्डविकच्याच एका बेताच्या जमीनदाराची ही मुलगी. ती अगदी तान्ही असताना, १५२८ मध्ये, वडील वारले. वारस मुलगा अज्ञान, म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जमिनीचा ताबा सरकारच्या हाती गेला आणि घराचे हाल झाले. मालमत्ता हातातून जाणं म्हणजे काय असतं, हे या मुलीनं पाळण्यातच पाहिलं म्हणायचं!

पुढे तिची चार लग्नं झाली. पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच काळात, १५४४ मध्ये गेला, आणि विधवा म्हणून मिळायचा हिस्सा मिळवायला या कोवळ्या मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. त्याच्यापासून तिला आठ मुलं झाली, त्यातली सहा जगली. याच नवऱ्यानं १५४९ मध्ये आपल्या बायकोच्या माहेरच्या परगण्यात चॅट्सवर्थची जमीन घेतली, आणि बेसला बांधकामाचा नाद लागला तो तिथेच. तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो. तो जाताना सगळं काही तिला ठेवून गेला. चौथा नवरा म्हणजे श्रूझबरीचा अर्ल, देशातल्या बड्या सरदारांपैकी एक. या लग्नानं ती काउंटेस झाली.

ऐकायला हे सगळं सोन्यासारखं वाटतं, पण पुढचा भाग ऐका. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये आश्रयाला आली आणि कैदी झाली. राणी एलिझाबेथनं १५६९ मध्ये तिची राखण या अर्लवर सोपवली. म्हणजे घरातच राजकैदी! पंधरा वर्षं त्या जोडप्यानं हा पाहुणचार सांभाळला. सुरुवातीला बेस आणि मेरी शेजारी बसून भरतकाम करत. त्यांच्या हातचे नमुने इंग्लंडमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत. पण खर्च वाढला, संशय वाढले, नवराबायकोत विस्तव जाईना. चॅट्सवर्थवरून भांडण पेटलं. शेवटी बेस ते घर सोडून निघाली.

कुठे गेली असेल? माहेरी! पण तिथे माहेरचं माणूस कुणी उरलं नव्हतं. भाऊ कर्जबाजारी होऊन १५८१ मध्ये तुरुंगात वारला होता. वडिलांच्या त्या जुन्या घराला हाताशी धरून तिनं १५८७ मध्ये बांधकाम सुरू केलं. त्यालाच आज जुना हार्डविक म्हणतात.

साठी उलटल्यावर नवा पाया

१५९०च्या नोव्हेंबरात अर्ल वारला. त्याच सुमारास जुन्या घराच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, नव्या घराचा पाया खणायला सुरुवात झाली. जुन्याचं काम पुरतं संपलं नव्हतं, तरी! तेव्हा बेसची साठी उलटून गेलेली होती. आपल्याकडे या वयात ‘आता काय राहिलंय?’ म्हणून बायका हातातल्या किल्ल्या सुनेकडे देतात. ही बाई नव्या घराचे दगड मोजून घेत होती.

इथे एक कायद्याची गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर कायद्यानं ताबा नवऱ्याचा. आपल्या नावावर स्वतंत्र मिळकत ठेवण्याचा पुरता हक्क तिथल्या विवाहितेला मिळाला तो १८८२च्या कायद्यानं, म्हणजे बेसनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. विधवा बाई मात्र आपल्या मिळकतीची आपण मालकीण असे. तेव्हा हार्डविक हॉल हे नुसतं श्रीमंतीचं प्रदर्शन नव्हे. जन्मभर या ना त्या पुरुषाच्या घरात राहिलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणाला न विचारता घर बांधता आलं, त्याची ही खूण आहे. हे मनात ठेवून घराकडे पाहिलं, की त्याची एकेक भिंत बोलायला लागते.

भिंती कमी, काच जास्त

घराचा नकाशा समजायला अगदी सोपा. शाळेत मुलींना मी तो फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवते. एक लांबट चौकोन काढा. त्याच्या पुढच्या अंगाला दोन बुरूज, मागच्या अंगाला दोन आणि दोन्ही टोकांना एकेक, असे सहा बुरूज जोडा. झालं घर! पुढच्या आणि मागच्या बाजूला बुरुजांच्या मधे खांबांची ओसरी आहे. घर इतकं नीटस, की डावी बाजू उजव्या बाजूसारखीच. पण चालता चालता पाहिलं तर बुरूज कधी एकमेकांजवळ येतात, कधी लांब जातात, आणि तेच घर दर पावलाला वेगळं दिसतं.

या आखणीमागे रॉबर्ट स्मिथसन या त्या काळच्या नामांकित कारागिराचं डोकं होतं असं मानतात. नॉटिंगहॅमजवळचं वोलटन हॉल हे प्रसिद्ध घर त्याचंच. पण हिशेबाच्या वह्या बेस स्वतः तपासायची आणि खाली सही करायची. त्या वह्या आजही शिल्लक आहेत. गवंडी कोण, गिलावा करणारा कोण, रंगारी कोण, हे त्यांतून कळतं. दगड टेकडीच्याच पोटातल्या खाणीतला, तोही तिच्या मालकीचा. काचेचा कारखाना तिचा, शिशाच्या खाणीही तिच्या. दुकानातून आणायचं कमी आणि घरच्या कोठीतून काढायचं जास्त, असा हा पक्का गृहिणीचा हिशेब!

आता सर्वात नवलाची गोष्ट, खिडक्या. त्या काळी काच म्हणजे चैनीची वस्तू. मोठी काच करताच येत नसे. लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून खिडकी भरायची. साध्या घरांत खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक. आणि इथे बघावं तर सगळ्या बाजूंनी काचच काच! लोकांनी त्यावर यमक जुळवून म्हणच करून टाकली, की या हार्डविकला भिंतीपेक्षा काचच जास्त. संध्याकाळी आत दिवे लागले, की टेकडीवर ठेवलेल्या आकाशकंदिलासारखं ते दिसत असणार.

पण मग घर उभं कसं राहिलं? बाहेरची भिंत खिडक्यांनी पोखरली तर छपराचा भार घ्यायचा कुणी? उत्तर आतल्या भिंतींत आहे. त्या चांगल्या जाडजूड केल्या आणि शेकोट्या नि धुराडी त्यांच्यात बसवली. इतर घरांत धुराडी बाहेरच्या भिंतीत असत. ती आत घेतल्यामुळे बाहेरची भिंत खिडक्यांना मोकळी मिळाली. शिवाय शेकोटीची ऊब घराच्या मध्यावर राहिली, हा दुसरा फायदा. आणि एक गंमत सांगते. काही खिडक्या चक्क खोट्या आहेत! बाहेरून काच दिसते, पण आत भिंत आहे. बाहेरचा सारखेपणा मोडू नये म्हणून केलेली ही युक्ती. पाहुण्यांसमोर कपाटात पुढे नवे पेले मांडून मागे जुने लपवतो, त्यातलाच प्रकार!

वर वर चढत जाणारं मोठेपण

घराला तीन मजले, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा उंच. तळमजल्यावर कामाच्या जागा, तिथल्या खिडक्या लहान. पहिल्या मजल्यावर बेसच्या राहण्याच्या खोल्या, खिडक्या जरा मोठ्या. सर्वात वर थाटामाटाची दालनं आणि तिथल्या खिडक्या सर्वात उंच. म्हणजे बाहेर उभं राहून नुसत्या खिडक्या पाहिल्या तरी आत कोण कुठे वावरतं ते कळावं!

आत शिरलं की पहिला लागतो तो मोठा हॉल. जुन्या इंग्लिश घरांत हा हॉल घराच्या दर्शनी भिंतीला समांतर, आडवा असे. इथे तो घराच्या मधोमध, पुढून मागे असा उभा घातला आहे. इंग्लंडमध्ये ही तेव्हा नवी कल्पना होती. जुन्या काळी मालक आणि चाकर एकाच हॉलमध्ये जेवत. आता मालकीण वर गेली, आणि हॉल बराचसा चाकरमंडळींचा आणि ये-जा करणाऱ्यांचा झाला. घराचा नकाशा बदलतो तो असा, माणसांमधलं अंतर बदललं की.

हॉलमधून दगडी जिना निघतो. तो एका दमात चढायचा जिना नव्हे. रुंद, ठेंगण्या पायऱ्या, मधे वळणं, कुठे अंधार, कुठे उजेड, असा तो सावकाश वर नेतो आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या थोरल्या दालनाच्या दाराशी आणून सोडतो. या दालनात भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात गिलाव्यात उठवलेलं, रंगवलेलं अख्खं अरण्य आहे. झाडं, हरणं, शिकार आणि मधे डायना ही कुमारी वनदेवता. खाली युलिसिसच्या कथेचे विणलेले पडदे. डायना कशासाठी? तर राणी एलिझाबेथ अविवाहित होती, तिला हा मुजरा. राणी कधीतरी घरी येईल, या दालनात बसेल, अशा आशेनं हे सगळं मांडलं होतं. १६०३ मध्ये राणी वारली. ती हार्डविकला एकदाही आली नाही.

आणखी एक विचार आपल्यासारख्यांच्याच मनात येणार. स्वयंपाकघर तळमजल्यावर, पंगत सर्वात वर! वाफाळतं जेवण मिरवणुकीनं हॉलमधून, त्या लांबलचक जिन्यावरून न्यायचं. ताटात पडेपर्यंत ते किती गरम राहत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. थाट जेवणाऱ्यांचा, पाय वाढणाऱ्यांचे! बाईनं बांधलेलं घर म्हणून ते सगळ्याच बायकांच्या सोयीचं होतं, असं मी म्हणणार नाही. मालकिणीच्या बिछान्याला मखमल आणि चाकरमाण्यांना जिन्याच्या वळणावर पथारी, हेही त्याच छपराखाली होतं.

दालनाच्या पलीकडे घराच्या पूर्ण लांबीभर पसरलेली लांब गॅलरी आहे. लांबी दीडशे फुटांच्याही वर. बाहेर पाऊस आणि बोचरा वारा असला की बायकांनी फिरायचं कुठे? तर इथे! शतपावलीसाठी बांधलेली खोलीच म्हणा ना.

गोधडी आणि घासाघीस

हार्डविकची खरी दौलत कापडाची. लांब गॅलरीत गिडियनच्या कथेचे तेरा विणलेले भिंतपडदे आहेत, प्रत्येक सुमारे वीस फूट उंच. सर क्रिस्टोफर हॅटन या राणीच्या दरबाऱ्यासाठी ते विणले होते. तो गेल्यावर त्याच्या वारसाकडून बेसनं १५९२ मध्ये ते ३२६ पौंड, १५ शिलिंग, ९ पेन्सला घेतले. आणि त्यातही पाच पौंड सूट मिळवली! कारण काय, तर पडद्यांवर हॅटनचं कुलचिन्ह आहे, ते झाकून त्यावर आपलं घालायला खर्च येणार. देशातल्या सर्वात श्रीमंत बायकांमध्ये जिची गणना होई ती बाई अशी घासाघीस करते, हे वाचून मला तर ती एकदम ओळखीची वाटायला लागली.

त्याहून सुंदर आहेत ती तुकडे जोडून केलेली मोठी भिंतवस्त्रं. इंग्लंडमध्ये धर्माची घडी बदलली तेव्हा चर्चमधले जुने भरजरी झगे निकामी झाले. ते मखमली आणि जरीचे तुकडे कापून, जोडून १५७०च्या सुमारास चॅट्सवर्थला ही वस्त्रं तयार केली. आपल्या गोधडीचीच ही श्रीमंत बहीण! आणि त्यावर चित्रं कुणाची? पुराणकाळातल्या थोर स्त्रियांची. नवऱ्याची वाट पाहणारी पेनेलोपी, आपल्या अब्रूसाठी प्राण देणारी ल्युक्रेशिया, लढवय्यी राणी झेनोबिया, आर्टेमिसिया. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना तिच्या गुणांच्या दोन मूर्ती. पेनेलोपीच्या शेजारी चिकाटी आणि धीर उभे आहेत. भिंतीवर कुणाच्या तसबिरी लावायच्या हे बाईनं ठरवलं, की काय होतं ते पाहा.

एवढ्या काचेच्या घरात थंडी किती असेल! १६०१ मध्ये बेसनं मृत्युपत्राबरोबर घरातल्या सामानाची खोलीवार यादी करवली. तिच्या निजायच्या खोलीच्या नोंदीत पडदे, रजया आणि कांबळी यांची अशी गर्दी आहे, की खिडक्यांचा थाट पाहुण्यांसाठी आणि ऊब मात्र पांघरुणातून, हे लगेच लक्षात यावं.

नाव राहिलं, घरही राहिलं

बेस ऑक्टोबर १५९७ मध्ये नव्या घरात राहायला आली आणि १६०८च्या फेब्रुवारीत वारली. जेमतेम दहा वर्षांचं सुख. त्यातही नात आर्बेला हिच्यामुळे शांतता नव्हती. राजगादीवर हक्क सांगता येईल अशा रक्ताची ही मुलगी, म्हणून आजीनं तिला नजरेआड होऊ दिलं नाही. १६०३ मध्ये तिनं या घरातून निसटून जायचा प्रयत्नही केला. एकीला स्वातंत्र्य देणारं घर दुसरीला पिंजरा झालं, हेही खरंच.

पुढे वंशजांनी, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांनी, चॅट्सवर्थलाच मुख्य घर मानलं. हार्डविक मागे पडलं, आणि त्यामुळेच वाचलं! फॅशन बदलली म्हणून मोडतोड करायला तिथे कुणी फारसं राहिलंच नाही. जुना हार्डविक मात्र ढासळला. आज त्याच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारले, वारसाकर डोईजड झाला आणि हे घर सरकारजमा होऊन १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. आज ते सरकारी यादीत पहिल्या दर्जाचं आहे. इंग्लंडमध्ये अशा जपायच्या वास्तूंच्या सुमारे चार लाख नोंदी आहेत. त्यात पहिला दर्जा मिळतो तो शेकड्याला जेमतेम अडीच जागांना. यादीतल्या घराची खिडकीसुद्धा मालकाला परवानगीवाचून बदलता येत नाही. आपल्या मुंबईतही १९९५ पासून वारसावास्तूंची अशी दर्जावार यादी आहे.

इथली शेवटची रहिवासी एव्हलिन, नवव्या ड्यूकची विधवा. १९६० पर्यंत ती इथे राहिली आणि कितीतरी वर्षं जुने पडदे, भरतकाम यांची दुरुस्ती करत, करवत राहिली. पुढे ट्रस्टनं गिडियनचे तेरा पडदे एकेक करून धुवायला बेल्जियमला पाठवले आणि मग टाका टाका घालून सावरले. या कामाला चोवीस वर्षं लागली. ते संपलं २०२३ मध्ये. आज कापडाचा रंग उडू नये म्हणून त्या प्रसिद्ध खिडक्यांवर आतून पडदे ओढलेले असतात. उजेडासाठी बांधलेल्या घरात आता उजेड मोजून आत घेतात!

मैत्रिणींनो, यातलं थोडं आपणही उचलू या. पैठणी, शालू, आजीची भरतकामाची चादर कधीही थेट उन्हात वाळत घालू नका. घडी करून मऊ सुती कापडात गुंडाळा आणि दर चारसहा महिन्यांनी घडी बदला, म्हणजे दुमडीवर जर तुटणार नाही. दर्शनी काचेपाशी मांडलेलं भरतकाम अधूनमधून हलवा; एकाच बाजूनं उजेड लागला की तीच बाजू आधी विटते.

आणि एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन आपल्याच घराचा नकाशा काढा. सकाळचं ऊन कुठून येतं, कोणाच्या वाट्याला कुठली खिडकी आली आहे, स्वयंपाकघरापासून पानापर्यंत तुमचे किती हेलपाटे होतात, ते त्यावर मांडा. पुढच्या वेळी रंगकाम किंवा दुरुस्ती निघेल तेव्हा तो कागद सगळ्यांसमोर ठेवा. हार्डविकच्या सहाही बुरुजांच्या माथ्यावर दगडात कोरलेली दोन अक्षरं आहेत, ‘ई’ आणि ‘एस’. एलिझाबेथ श्रूझबरी. आपल्याला एवढी मोठी अक्षरं नकोत. पण ओटा किती उंच हवा, हे सांगायला काय हरकत आहे?